फरशीवरचा ओरखडा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पर्स अजून खांद्यावरच होती, मी उभ्याउभ्याच संगणकावर आलेला, हातानं लिहून स्कॅन केलेला परीक्षकाचा अहवाल उघडला आणि चौथ्या पानावरचं एक वाक्य वाचून, मागे खुर्ची आहे की नाही हे न बघताच, खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. वाक्य असं होतं: ‘इतका वेळ लेखकाला नावं ठेवल्यावर हे लिहायची लाज वाटते, पण हा लेख माझाच आहे.’ मी ते परत वाचलं. मग पहिल्या पानापासून सगळं वाचलं. मग उठून खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. धास्तावले होते हे खरं, कारण चूक माझी होती, शंभर टक्के माझी, आणि एकोणीस वर्षांत एवढी मोठी चूक माझ्या हातून झाली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, त्या धास्तीच्या वर कुठेतरी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला राग लवकर येतो आणि आनंद त्याच्याही आधी येतो. घरी म्हणतात, दूध उतू गेलं तरी ही आधी साय किती जाड आली ते बघेल.

आमचं त्रैमासिक गुंतागुंत आणि शिक्षण या विषयाला वाहिलेलं आहे. म्हणजे काय हो, असं लोक विचारतात. मी सांगते, वर्गात चाळीस मुलं असतात, एक शिक्षक असतो, आणि रोज तिथे असं काहीतरी घडतं की जे त्यांच्यापैकी कुणीच ठरवलेलं नसतं. ते कसं घडतं, याचा आम्ही छडा लावतो. विचारणारा ‘अच्छा’ म्हणतो आणि विषय बदलतो. कॉलेजच्या ग्रंथालयामागे, फाटकी पुस्तकं बांधायला येतात त्या खोलीला लागून आमची खोली आहे. तीन टेबलं, एक लोखंडी कपाट, सरसाचा कायमचा वास. माणसंही तीनच. मुख्य संपादक मूळचे जीवशास्त्राचे, तीस वर्षं त्यांनी मुंग्या पाहिल्या, आणि अजूनही कुठलाही प्रश्न आला की ते मुंग्यांपासून सुरुवात करतात, म्हणून ते मुंगीसर. संदर्भ आणि टिपा तपासणारा आमचा सहकारी तिशी ओलांडलेला आहे. तो इतक्या हळू बोलतो, आणि तेही सगळ्यांचं बोलून संपल्यावर, की त्याचं नावच तळटीप पडलं. आणि मी खोडरबर. लेख कुणी लिहिलाय हे कळू नये म्हणून त्यातल्या खाणाखुणा पुसायचं काम माझं. लेखकाला परीक्षक कोण ते कळत नाही, परीक्षकाला लेखक कोण ते कळत नाही, आणि दोघांच्या मध्ये मी बसलेली असते. नुसतं नाव काय, कुणीही पुसेल. मी ‘आमच्या शाळेत’चं ‘एका शाळेत’ करते, ‘मला दिसलं’चं ‘संशोधकाला आढळलं’ करते, आवडते शब्द बदलते, सवयीचे विनोद काढते. लेखकाच्या आईनं वाचलं तरी तिला लेकरू ओळखू येऊ नये, इतकं स्वच्छ. आमच्यापैकीही मुंगीसरांखेरीज कुणाचं नाव अंकावर नसतं. वारुळाला पत्ता असतो, मुंग्यांना नावं नसतात, हे त्यांचं म्हणणं, आणि मला ते एकोणीस वर्षं मनापासून पटत आलंय. मला आवडतं तसं. मी तर आणखी पुढे जाते. लेख पुसून झाला की लेखक कोण हे मी ठरवून विसरते. मूळ प्रत कपाटात, नाव नोंदवहीत, आणि नोंदवही मी अंक छापायला जाईपर्यंत उघडत नाही. हा माझा नियम, आणि खरं सांगायचं तर हाच माझा ताठा. सदतीस नंबरचा लेख अकरा महिन्यांपूर्वी आला. मी तो पुसला आणि विसरले. पहिला परीक्षक आठ महिने त्यावर बसून राहिला आणि मग वेळ नाही म्हणाला. मी परत यादी काढली. प्राथमिक शाळा, गणिताचा तास, वर्गाला आपोआप लागणारी शिस्त, या विषयावर बोलावं असा माणूस एकच, आमच्यासाठी पूर्वी चार लेख तपासलेले, गणिताचे एक निवृत्त मास्तर. पाठवून दिला. सगळ्यात योग्य माणूस मी शोधला, आणि तो इतका योग्य निघाला की लेखही त्याचाच होता.

आणि मास्तरांनी तो ओळखला नाही. शहात्तर वय, मधल्या काळात घर बदललेलं, लेख हातानं लिहून भाच्याकडून टाइप करून घेतलेला, आणि त्यावर माझा हात फिरलेला. दुसऱ्या पानावरच ते चिडले होते. ‘हा लेखक स्वतःच्या वर्गाबद्दल असं लिहितो, जणू तो त्या दिवशी रजेवर होता. संशोधकाला आढळलं, संशोधकाला जाणवलं. हा संशोधक कोण? त्याला हातपाय आहेत का?’ वाचताना माझे कान तापले, कारण तो संशोधक मीच तिथे नेऊन बसवला होता. लेखात बावीस वर्षांपूर्वीची एक दुपार आहे. पाचवीचा वर्ग, भिंतींना रंग द्यायचा म्हणून एकोणीस बाकं खिडकीशी एकमेकांवर रचून ठेवलेली, रंगारी जेवायला गेलेले, आणि शिक्षकाला कचेरीत बोलावणं आलेलं. अर्ध्या तासानं तो परत येतो तर बाकं अर्धगोलात मांडलेली, बुटकी मुलं पुढे, उंच मागे, दोन मुलं शेजारीशेजारी चालतील एवढीच वाट मध्ये सोडलेली, आणि प्रत्येकाला फळा दिसतोय. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पुढारी नव्हता. मांडणी आपोआप उमलली, असा लेखाचा निष्कर्ष. आम्हाला हवा असतो तस्सा. मुंगीसर असल्या निष्कर्षावर जेवण सोडून येतील. आणि इथे मास्तरांनी लेखकाची मानगूट पकडली होती. ‘लेखक सहज लिहून जातो की खिडकीपासून खोलीच्या मध्यापर्यंत फरशीवर एक लांब ओरखडा पडला होता. एकच का? एकोणीस बाकं हलली. दोघांनी मिळून उचललं तर ओरखडा पडत नाही. म्हणजे एक बाक कुणीतरी एकट्यानं ओढत नेलं. तेच पहिलं असणार, कारण नंतर मदतीला हात आले. म्हणजे सुरुवात आपोआप झाली नाही, एका पोरानं केली. लेखक त्या पोराला कुठे लपवतोय?’ मी एकटीच त्या खोलीत टाळी वाजवली. पलीकडून पुस्तकं बांधणाऱ्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि डास का, म्हणून विचारलं.

त्याच्या खालीच ते वाक्य होतं, हा लेख माझाच आहे. ‘वरचं लिहून पेन खाली ठेवलं आणि आठवलं, तो ओरखडा मी पायानं घासून पाहिला होता. गेला नाही. मी विचारलं, हा कुणी पाडला? वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, मी. तिला मी शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं, आणि बाकीच्या वर्गाला बाकं किती छान लावली म्हणून शाबासकी दिली. ती पहिली होती हे मला लिहिताना सुचलंच नव्हतं की सुचूनही मी गिळलं, आता सांगता येत नाही. पानावर ते नाही, एवढं खरं. चूक कुणाची ते विचारत नाही. हा अहवाल फाडलात तरी माझ्याकडून बाहेर जाणार नाही. पण लेख छापू नका. ज्या माणसानं त्या मुलीला दोनदा वर्गाबाहेर काढलं, त्याला तुमच्या अंकात जागा असू नये.’ बस. खाली सही. मी खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. मला ओरडून त्या माणसाला सांगावंसं वाटत होतं की अहो, इकडे बघा, इथे काय घडलंय बघा. एकोणीस वर्षं आम्ही गुंतागुंत गुंतागुंत म्हणून पानं भरतो, आलेख काढतो, बाण काढतो, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, आणि आज एका माणसाचा लेख फिरून त्याच्याच हातात गेला आणि त्यातून जे निघालं ते त्याला सरळ वाटेनं कधी सापडलं नसतं. एवढं जिवंत काही आमच्या अंकात आजवर आलं नव्हतं. आणि ते छापायचं तर आधी मला तोंड उघडून सांगावं लागणार होतं की ते घडलं कसं.

न सांगणं फार सोपं होतं. परीक्षकांची नावं मलाच दिसतात. लेख नाकारला म्हणून नोंद करायची, अहवाल कपाटात, विषय संपला. मास्तर बोलणार नाहीत, मुंगीसर विचारणार नाहीत. आणि गप्प बसणं मला काही नवीन नव्हतं. सहावीत असताना आमच्या वर्गाचं भित्तिपत्रक निघायचं. मी एकदा आमच्या जिन्याखाली व्यालेल्या मांजरीवर लिहिलं आणि नाव न घालताच पेटीत टाकलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. मुलं हसली, शेवटी शेवटी गप्प झाली, आणि बाईंनी विचारलं, कुणी लिहिलंय हे? सगळ्यांनी वळून मुख्याध्यापिकांच्या भाचीकडे पाहिलं, कारण चांगलं असेल ते तिचंच असायचं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, नुसती वेणी पुढे घेतली. आणि मी? मला राग आला असता तर एक वेळ समजलं असतं. मला तर गुदगुल्या होत होत्या. माझी मांजर भिंतीवर होती, लोक मधल्या सुट्टीत तिच्यासमोर गर्दी करत होते, आणि मी त्या गर्दीत उभी राहून, कुणालाच ठाऊक नसताना, ऐकत होते. घरी आईला सांगितलं. आई कपड्यांना इस्त्री करत होती. मग सांगितलं का नाहीस, म्हणाली. म्हटलं, मला कुणी विचारलं नाही. आई म्हणाली, सगळ्या वर्गाला विचारलं की गं. आणि इस्त्री उलटी ठेवून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. ती नजर मी पुढे चाळीस वर्षं टाळली असं नाही म्हणणार, पण काम मात्र नेमकं असं शोधलं की जिथे कुणी विचारतच नाही. आणि त्या पाचवीतल्या मुलीला विचारलं, तर ती उभी राहिली. वर्षभर न बोललेली पोर. काय हिंमत म्हणावी.

दहा वाजता नवऱ्याला फोन केला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी लिफ्टच्या खड्ड्यात आहे, पटकन बोल, म्हणाला. मी पटकन म्हणजे माझ्या पद्धतीनं पटकन, दहा मिनिटं बोलले. तो ऐकत होता, मधूनच पाना आपटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, “स्वतः बसवलेली लिफ्ट स्वतः तपासायची नाही, हा आमच्याकडेही नियम आहे. पण गंमत सांगू? मागे एका जुन्या बिल्डिंगमध्ये वायरिंग बघून मी तासभर शिव्या घातल्या, कुठल्या गाढवानं हे जोडलंय म्हणून. पॅनेल उघडलं तर आत माझीच सही.”

“मग काय केलंस?”

“काय करणार. नीट जोडलं. आणि जुन्या सहीखाली नवी सही केली, तारीख घालून. पुढे येणाऱ्याला कळायला नको, गाढव कोण होतं ते?” आणि जेवायला डबा नेलास का, असं विचारून त्यानं फोन ठेवला. डबा मी घरीच विसरले होते.

अकराला मुंगीसर आले. टोपी खुंटीला, छत्री कोपऱ्यात, चष्मा पुसून डोळ्यांवर, हा क्रम त्यांनी कधी मोडलेला नाही. तळटीप त्याच्या खुर्चीत आधीच अंग चोरून बसला होता. मी म्हटलं, “सर, आधी माझं ऐका, मुंग्या नंतर.” आणि सगळं सांगितलं. सांगताना लक्षात आलं की मी हातवारे करतेय, मध्येच हसतेय, चूक सांगतेय की बातमी देतेय हे माझं मलाच कळत नव्हतं. सर चष्म्यावरून बघत राहिले.

“मास्तरांचा लेख मास्तरांकडेच कुणी पाठवला?”

“मी.” आवाज इतका बारीक आला की मलाच ओळखू येईना.

“नोंदवही बघितली नाही?”

“मी कधीच बघत नाही.”

“नियमाप्रमाणे लेख बाद होतो. आणि मंडळाच्या वहीत तुझ्या नावापुढे शेरा जातो. पुढच्या वर्षी तुला या कामावर ठेवायचं की नाही हे विद्यापीठ तो शेरा बघून ठरवतं, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. शेरा लिहा. पण लेख बाद करण्याआधी अहवाल वाचा.”

त्यांनी वाचला. हळू वाचतात ते, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. ओरखड्यापाशी बोट थांबलं. मग ते उठले आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. तीन टेबलांच्या खोलीत फेऱ्या मारायला जागा कुठली, चार पावलं गेलं की कपाट, पण ते चार पावलं जात होते आणि वळत होते. “वारुळातही पहिली मुंगी असते,” ते म्हणाले. “तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की ती कोण याला महत्त्व नाही. महत्त्व नव्हतं, की मला ती दिसतच नव्हती?” त्यांच्या तोंडून असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. मग आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो, म्हणजे आम्ही दोघं, आणि तळटीप ओठ हलवत होता. नियम मोडायचा तर उघड मोडू, सर म्हणाले. लेख छापायचा, त्याला लागून मास्तरांचा अहवाल छापायचा, चिडण्यासकट, आणि वर मथळा द्यायचा, लेखक स्वतःलाच पकडतो. मी म्हटलं, अहवालाचे समास मोठे ठेवू, लोकांना कडेला लिहावंसं वाटेल. सर म्हणाले, पहिल्या पानावर घेऊ. शेऱ्याचं कुणी काही बोललं नाही. मी पण तो विषय नाही काढला. मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं. सर फोन करायला बाहेर गेले आणि मी कपबश्या गोळा करून मोरीवर नेल्या, आणि नळाच्या आवाजात मागून तळटीपचा आवाज आला.

“एक विचारू का? सदतीस नंबरच्या मूळ प्रतीत चौदा टिपा होत्या. संदर्भ मी मूळ प्रतीवरून तपासतो, म्हणून आठवतं. तुमच्या पुसलेल्या प्रतीत तेराच आहेत.”

“एखादी गाळली असेन. ओळख पटत असेल.”

“सातवी,” तो म्हणाला. “ओरखड्यावरची.”

मी नळ बंद केला. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, खुर्ची सकाळी बसले तिथेच, आणि तरी कपाट उघडायला मला चांगली पाच मिनिटं लागली. मूळ प्रत खालच्या कप्प्यात होती. सहाव्या पानावर, ओरखड्याच्या वाक्याला सात नंबर, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: ‘हा ओरखडा पाडणाऱ्या मुलीला मी त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं. पहिलं बाक तिनंच ओढलं होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली. आता ती याच शाळेत, याच खोलीत गणित शिकवते. या लेखात जे काही खरं आहे, ते तिचं आहे.’ आणि त्या चार ओळींवर आडवी रेघ, आणि समासात पेन्सिलीनं, माझ्या सुंदर, गोल, सगळे कौतुक करतात त्या अक्षरात: ‘ओळख पटते. गाळा.’ शेजारी पुढच्या टिपांचे नंबरही मी नीट बदलले होते, आठाचा सात, नवाचा आठ. काम चोख होतं. मला ते केल्याचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

किती वेळ जमिनीवर बसून होते कोण जाणे. गुडघ्याला मुंग्या आल्या. सकाळी मला वाटलं होतं, माझी चूक म्हणजे लेख चुकीच्या माणसाकडे गेला. ती चूक तर नशीबच म्हणायची, तिनंच ही उघडी पाडली. मास्तरांनी त्या मुलीला लेखातून काढलंच नव्हतं. त्यांनी तिला आत घेतलं होतं, पायाशी का होईना, पण आत, आणि दाराबाहेर उभं केलं ते मी, बावीस वर्षांनी, पेन्सिलीनं. आणि आता ते शहात्तर वर्षांचे गृहस्थ कुठेतरी बसून स्वतःला म्हणत असतील की मी गिळलं. तळटीप दारात उभा होता. “मी कुणाला बोलणार नाही,” तो म्हणाला. सकाळपासून मला असं सांगणारा तो दुसरा माणूस. आणि खरंच, न बोलून काही बिघडत नव्हतं. लेख आणि अहवाल छापले जाणार होते, मुलगी अहवालातून का होईना आत येणार होती, सर खूश, शेरा बहुधा विसरला जाणार, आणि लेखक स्वतःलाच पकडतो हा मथळा इतका झकास होता की तो सोडायच्या कल्पनेनं मला अक्षरशः दुखलं. फक्त तो खरा नव्हता. एवढं एकच. मला आईची इस्त्री आठवली, उलटी ठेवलेली, आणि तिची नजर. सगळ्या वर्गाला विचारलं की गं. मी उठले. परवानगी नंतर घेऊ म्हटलं, सरांना विचारत बसले तर माझा धीर जाईल, आणि भिंतीला टेकून मास्तरांचा नंबर लावला.

“त्रैमासिकातून का?” ते म्हणाले. “फाडलात?”

“नाही. मास्तर, चार ओळी वाचून दाखवते, ऐका.” आणि मी सातवी टीप वाचली. माझा आवाज शेवटच्या ओळीवर घसरला, मी ती परत वाचली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “हे कुणी लिहिलंय?”

“तुम्ही. अकरा महिन्यांपूर्वी. मूळ प्रत माझ्या हातात आहे.”

“मी लिहिलं होतं?” ते म्हणाले. “मला अंधुक वाटत होतं हो. पण समोर टाइप केलेलं पान होतं, त्यावर नव्हतं. म्हटलं, लिहायची छाती झाली नसेल आपली. मग गेली कुठे ती?”

इथे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. संपादनात सुटली, तांत्रिक कारणानं गेली, आमच्याकडे पद्धत अशी आहे. अशी वाक्यं मला झोपेतही जमतात. “मी खोडली,” मी म्हटलं. “त्यावरून तुम्ही ओळखू आला असतात, म्हणून. मुलीचा विचारच केला नाही मी.”

ते हसायला लागले. मग ते हसणं राहिलं नाही, मग परत हसणं झालं. मी फोन धरून उभी. “अहो बाई,” ते म्हणाले, “दोन आठवडे घास उतरत नव्हता. सून म्हणाली, डॉक्टरकडे चला. तिला काय सांगणार होतो.”

“मास्तर, मला रागवा तरी.”

“ओरखड्यावरून रागवायचं मी सोडलंय,” ते म्हणाले. मला तिथेच, कपाटाला डोकं टेकून, रडू फुटलं, आणि रडताना परत त्याच उकळ्या, सकाळच्या, पण आता धास्तीच्या वर नव्हे, धास्तीच विरघळली होती. ते म्हणाले, टीप परत घाला आणि तिचं नाव घाला. मी म्हटलं, तिला विचारायला हवं, यावेळी विचारल्याशिवाय काही नाही. थांबा, म्हणाले. पंचवीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला. मधल्या सुट्टीत ती सापडली होती. टीप पूर्ण ऐकून घेतली तिनं, आणि नाव घाला म्हणाली, माहेरचं घाला, तेव्हा तेच होतं. आणि सांगायला सांगितलं होतं की ओरखडा अजून आहे. मधे फरशी बदलायला निघाले होते, तिनं बदलू दिली नाही. नवीन मुलं आली की बाकं कुठून लावायची, हे त्यावरूनच ठरवतात.

सर परत आले तेव्हा मी त्यांच्यापुढे मूळ प्रत ठेवली, माझी पेन्सिल वर येईल अशी. त्यांनी बोट ठेवून वाचलं. झकास मथळा गेला हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग म्हणाले, “म्हणजे पकडले गेलो ते आपण.”

“आपण नाही, मी,” मी म्हटलं.

“मग तूच लिही. दोन्हींच्या आधी. काय पुसलं, कसं पुसलं, सगळं. आणि शेरा काही मी लिहीत नाही बुवा, छापलेलं विद्यापीठ वाचेलच.” ते हसत नव्हते. पुढच्या वर्षी या टेबलाशी मी असेन की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. आणि नवल म्हणजे त्याची भीती वाटायला मला वेळच मिळेना. मी लिहायला बसले ती चारपर्यंत मान वर केली नाही. तळटीपनं त्याच्या डब्यातलं अर्धं माझ्या पुढ्यात ठेवलं, ते मी कधी खाल्लं कळलं नाही. पहिलं वाक्य लिहिलं: ‘सातवी टीप संपादनाच्या ओघात गाळली गेली.’ हात सवयीचा, काय करणार. वाचलं, आणि हे कुणी लिहिलंय हे कुणालाच कळणार नाही इतकं ते स्वच्छ होतं. खोडलं. लिहिलं: ‘सातवी टीप मी खोडली.’ पुढचं सगळं त्याच्यामागून भराभर आलं, मांजरीवर लिहिलं होतं तेव्हा आलं तसं, आणि दोन पानं झाल्यावर थांबले. खाली संपादन मंडळ असं लिहायची जागा होती. तिथे मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि तारीख घातली.

तळटीपनं पान तपासायला घेतलं. संदर्भ बघितले, टिपेचा नंबर बघितला, मुलीचं नाव मास्तरांनी सांगितलं तसंच आहे ना, ते दोनदा बघितलं. मग अगदी तळाशी आला आणि थांबला. सहा वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसतो.

“तुमचं आडनाव हे आहे होय?” तो म्हणाला.